झील धरणारे कुठे गेले?

२०२३ च्या फेब्रुवारीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. ज्या शाहिरी बाजानं एकेकाळी सरकारला घाम फोडला, तोच बाज आता सरकारी समारंभात उभं राहून ऐकायचा झाला. यात तक्रारीसारखं काही नाही. राज्य मिळालं की ते मागणारा सूरही राज्याचाच होतो. पण पुढे दोन महिने उलटायच्या आत याच महाराष्ट्रात, राज्यकर्त्यांवर टीका करणारी रॅपगाणी केली म्हणून दोन तरुणांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. विरोधी पक्षांचे नेते त्यांच्या बाजूनं बोलले, वाहिन्यांवर चर्चा झाली, गाणी मोबाइलवरून मोबाइलवर गेली आणि पुढची मोठी बातमी येताच विषय मागे पडला. डफवाल्याला राज्यमान्यता आणि माइकवाल्यावर एफआयआर, हा विरोध डोळ्यांत भरणारा आहे खरा, पण त्याच्या आड एक गोष्ट झाकली जाते. ती दोन गाणी ज्यानं त्यानं आपापल्या तळहातावर ऐकली. ती एकत्र म्हणायला कुठल्या नाक्यावर, कुठल्या गेटवर माणसं जमली, असं झालं नाही.

निषेधाचं गाणं आटलं, ही खंत आपल्याकडे नवी नाही आणि तिच्याबरोबर येणारं स्पष्टीकरणही ठरलेलं आहे: पोरं थंड झाली. त्यांना करिअर आहे, रील्स आहेत, परदेशी जायचं आहे. अन्यायाची चीड उरलेली नाही आणि चीडच नसेल तर गाणं कुठून येणार? हे स्पष्टीकरण सोयीचं आहे, कारण त्यात सगळा दोष पुढच्या पिढीच्या स्वभावावर जातो आणि मागच्या पिढीला काही उत्तर द्यावं लागत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. निषेधाचं गाणं एकट्या कवीच्या संतापातून जन्मलं तरी जगतं ते संघटनेच्या आधारानं. तीच माणसं पुन्हा पुन्हा एका जागी भेटतात, त्यांची एक दीर्घकाळ चालणारी मागणी असते, तेव्हा ते गाणं टिकतं. महाराष्ट्रात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अशा जागा आणि अशा संघटना एकामागून एक मोडल्या. गाणारे आजही आहेत, रागही आहे. नाहीत ते झील धरणारे, मुख्य गायकामागून ध्रुवपद उचलणारे. आणि ते का नाहीत याचा शोध घ्यायचा तर तरुणांच्या मनाआधी या राज्याच्या इतिहासात उतरावं लागतं.

सुरुवात सत्यशोधकी जलशापासून करावी लागेल. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. गाणं आणि संघटना यांची जोडी अशी उगमापासूनची आहे. पुढे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला आणि आतला ऐवज बदलला. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. त्याच क्रमातून भटशाही, सावकारी आणि अंधश्रद्धा यांची झडती सुरू झाली. १९३० नंतर नाशिकच्या भीमराव कर्डकांनी आणि इतरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच शहरात चालू होता. मृत जनावराचं मांस सोडा, मुलं शाळेत घाला, मान ताठ ठेवा, हे सांगणारी ती चालती शाळा होती. जलसा गावात येई तो कोणाच्या तरी बोलावण्यावरून. सभेची वर्दी देणारे, जेवणाची सोय करणारे, रात्री मुक्कामाला जागा देणारे लोक आधी असायचे, गाणं त्यांच्या मागून यायचं. जलसा निघून गेल्यावर गावात जे काही सुरू राहायचं तेही हेच लोक सुरू ठेवायचे.

लाल बावटा कलापथकाची गोष्ट याच रस्त्यानं पुढे जाते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी ते उभं केलं. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ जवळजवळ शाळाच न शिकलेले. त्यांची खरी शाळा माटुंग्याचा लेबर कॅम्प आणि कम्युनिस्ट पक्षाच्या तिथल्या बैठका. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज असा, की मैदानातल्या शेवटच्या माणसाला माइकची गरज वाटू नये. पण या तिघांच्या प्रतिभेइतकाच त्यांना मिळालेला श्रोता महत्त्वाचा होता. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, नायगाव या पट्ट्यात गिरण्यांच्या पाळीवर आयुष्य चालत होतं. एका खोलीत आळीपाळीनं झोपणारे गाववाले, खाणावळी, तालमी, भजनी मंडळं, गणेशोत्सव आणि १९२८ च्या संपापासून मुरलेलं गिरणी कामगार युनियनचं राजकारण, असा तो एकात एक गुंतलेला संसार होता. भजनात टाळ धरणाराच दुसऱ्या दिवशी गेटसभेत पोवाड्याची झील धरत असे. त्याला कोणी चळवळीचं गाणं शिकवत नव्हतं. त्याचा गळा चाळीच्या चौकात आधीच तयार झालेला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या सगळ्याचं सोनं झालं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ऐकणाऱ्याला आधी आपल्या घरची वाटते. मुंबईला पोटासाठी आलेला गडी, गावाकडे राहिलेली त्याची बायको, हा विरह गिरणगावातल्या हजारो खोल्यांमधला होता. त्या विरहातून गाणं बेळगाव-कारवारच्या तुटलेपणाकडे नेणं ही विलक्षण कारागिरी. मात्र ती लागू पडली, कारण ऐकणारा खरोखर तसा एकटा मुंबईत राहत होता आणि खरोखर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला जात होता. आत्माराम पाटील, शाहीर साबळे आणि कितीतरी अनाम शाहिरांनी सभा तापवल्या. हे केवळ डाव्यांचं कौतुक नाही. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट आणि लीलाधर हेगडे होते; निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर याच मांडवातून पुढे आले. गोव्यात तर १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या विरोधात उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गावोगाव गेली. विचार कुठलाही असो, मागणी ठाशीव होती, संघटना पायावर उभी होती आणि गाणं तिच्या अंगणात वाढत होतं.

त्या अंगणात गाण्याचा व्यवहार कसा चालायचा, हे जरा तपशिलानं पाहण्यासारखं आहे. डफ, तुणतुणं, ढोलकी किंवा हलगी, एक मुख्य शाहीर आणि मागे दोन-चार झीलकरी, एवढ्या सामानावर फड उभा राहायचा. चाल ओळखीची, बहुतेक वेळा भजनाची, लावणीची किंवा गाजलेल्या सिनेमातली. म्हणजे दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धा मांडव ध्रुवपद म्हणायला लागे. गाणी चार-आठ पानी पुस्तिकांमध्ये छापून सभेच्या कडेला विकली जात. त्या पैशातून शाहिराचा प्रवास सुटे, उरलेलं युनियन किंवा पक्ष बघे. कर्त्याचं नाव पुष्कळदा गळून पडे, शब्द जागेनुसार बदलत, एका संपात रचलेलं कडवं दुसऱ्या संपात नवा मालक घालून म्हटलं जाई. श्रोता आणि गायक यांच्यातली रेघ पुसट होती. म्हणून त्या गाण्यांची ताकद ध्वनिमुद्रिकेवरून जोखता येत नाही. त्यांचा अर्धा जीव ऐकणाऱ्यांच्या गळ्यात होता आणि तो मुद्रित झालेला नाही.

मग हे अंगण गेलं कुठे? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियमावलीनं त्यांच्या जमिनींचा वापर बदलण्याची वाट उघडली, २००१ च्या दुरुस्तीनं ती रुंद केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्या दुरुस्तीला हिरवा कंदील दिला. भोंग्यांच्या जागी मॉल आले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा जो मौखिक इतिहास जमवला, त्यातून हे स्पष्ट दिसतं की मोडली ती फक्त नोकरी नव्हती. पाळी, चाळ, खाणावळ, मंडळ आणि युनियन यांना एकत्र बांधणारी वीणच उसवली. कामगार डोंबिवली, कल्याण, विरारला पांगला किंवा गावी परतला. त्याची मुलं सिक्युरिटीत, कुरिअरमध्ये, कंत्राटी कामात गेली. ज्या कामाला फाटक नाही, ज्याचा मालक मोबाइलमधलं ॲप आहे आणि ज्यातला सहकारी सिग्नलला दोन मिनिटं भेटतो, त्या कामाची गेटसभा कुठे घ्यायची?

शिक्षणसंस्थांत हेच कायद्यानं घडलं. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. हिंसा थांबवणं गरजेचं होतं, पण उपाय असा निघाला की १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुकाच गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा लिहिली गेली, तरी ती कागदावरून कॉलेजच्या पटांगणात काही उतरली नाही. म्हणजे महाराष्ट्रात आज चाळिशीत असलेल्या माणसानंसुद्धा कॉलेजात असताना मतं मागितलेली नाहीत, पॅनेल बांधलेलं नाही, हरल्यावर पुन्हा उभं राहणं अनुभवलेलं नाही. शहरांत मोर्चाला ठरावीक मैदानाचा ठरावीक कोपरा उरला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केले. नियम रास्त आहे, आजारी माणसाला झोप हवीच, पण रात्रभर चालणाऱ्या जलशाच्या आणि वगाच्या परंपरेवर त्याचा परिणाम झाला हेही खरं. यातला एकही निर्णय गाणं मारण्यासाठी घेतलेला नव्हता. सगळ्यांचा मिळून परिणाम मात्र तोच झाला.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो: ही सगळी पळवाट आहे, तरुण खरोखरच उदासीन आहेत. पुरावाही दाखवता येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी मतदार यादीत नाव नोंदवलेल्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांहूनही कमी होतं. हा आकडा मी हलका मानत नाही. पण उदासीनतेचा अर्थ ‘काहीच वाटत नाही’ असा घ्यायचा असेल, तर त्याच पिढीचं दुसरं वागणं जुळत नाही. ११ मार्च २०२१ ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं अचानक उतरली. त्याच महिन्यात परीक्षा घेणं सरकारला भाग पडलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली झाडं रात्रीतून पडू लागली तेव्हा तिथे धावलेल्यांत आणि अटक झालेल्यांत विद्यार्थी होते. २०१६ मध्ये औरंगाबादपासून सुरू झालेल्या मराठा मूक मोर्चांच्या अग्रभागी कॉलेजच्या मुली होत्या. पन्नासहून अधिक मोर्चे निघाले. एवढी माणसं रस्त्यावर आणणाऱ्या राज्याला थंड म्हणणं कठीण आहे.

पण या आंदोलनांकडे कान देऊन पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: त्यांतल्या बहुतेकांना गाणं लागलंच नाही. मूक मोर्चानं मौन हीच शिस्त ठरवली. घोषणा नाहीत, व्यासपीठावर नेता नाही, शेवटी मुलींच्या हस्ते निवेदन. त्या मौनाचा दबाव मोठा होता, यात शंका नाही. पण मौन पुढच्या वर्षी पुन्हा म्हणता येत नाही. शास्त्री रस्त्यावरच्या मुलांची मागणी एका तारखेची होती. तारीख मिळाली, मुलं अभ्यासिकेत परतली. ती एकमेकांची स्पर्धक होती आणि संध्याकाळपुरती सोबती. त्यांच्या तोंडी घोषणा होत्या आणि तेवढ्या पुरल्या. याच्या शेजारी मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च ठेवून पाहा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर, हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, आणि मुक्कामांवर त्यांच्या वाद्यांवर गाणी, फेर. मागणी वनजमिनीच्या हक्काची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची. मागे किसान सभा, जिचं या पट्ट्यातलं काम गोदावरी परुळेकरांच्या आणि १९४५ च्या वारली उठावाच्या काळापासूनचं. देश तोच, वर्षंही जवळपास तीच. फरक संघटनेच्या वयाचा आणि मागणीच्या लांबीचा आहे.

हा युक्तिवाद तपासायला आपल्याकडे एक मोठा जिवंत दाखलाही आहे: आंबेडकरी गायन. बाकी सगळी शाहिरी ओसरत असताना ते ओसरलं नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत गाणी लिहीत, गात राहिले. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, पुढे आनंद-मिलिंद शिंदे, कॅसेटच्या काळात घराघरांत गेले; एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात अगदी अलीकडे मोबाइलवरून सगळीकडे पोचल्या. इथली तरुण पिढी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मातीची नाही. तिच्याही हातात तोच मोबाइल आहे. वेगळं आहे ते वर्षाचं चक्र. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर; वस्तीतलं विहार, जयंती मंडळ, चैत्यभूमीबाहेर पुस्तिका आणि सीडींचे ठेले. गाण्याला दरवर्षी जागा, दिवस आणि ऐकणारा ठरलेला मिळतो. आता कोणी म्हणेल, त्यातही डीजे आला, स्तुती वाढली, धार कमी झाली. काही अंशी ते खरं आहे आणि तेही याच मुद्द्याला धरून आहे: मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर लढ्याच्या काळात वस्तीत जी लढाऊ बांधणी होती ती सैल झाली, पक्ष फुटत गेले, उरला तो उत्सव. उत्सवानं गाणं जिवंत ठेवलं, त्याचा रोख मात्र संघटनेबरोबरच बदलला.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. शाहिरी संपली म्हणून रडता कशाला, रॅप हीच आजची शाहिरी आहे. यमकांचा मारा, तालावर बोलणं, थेट नाव घेणं, सगळं ओळखीचं. भूगोलही साक्ष देतो: अण्णाभाऊ ज्या लेबर कॅम्पात घडले तो धारावीला लागून आहे आणि मुंबईच्या हिपहॉपचं एक मोठं केंद्र तीच धारावी. स्वदेशी या गटानं २०१९ मध्ये आरेतल्या वारली पाड्यांच्या बाजूनं ‘द वारली रिव्होल्ट’ केलं आणि त्यात केळतीपाड्याच्या प्रकाश भोईरांचा आवाज घेतला. ही उत्तम शाहिरी आहे, तिला कमी लेखण्याचं कारण नाही. ती परिणामकारक का झाली, तर त्या गाण्यामागे पाडा होता, झाडं वाचवणारी माणसं होती, जंगलात भेटत राहणारा गट होता. एरवी रॅपर एकटा असतो. त्याचं गाणं खोलीत घडतं, प्लॅटफॉर्मवर चढतं, कानातल्या इअरफोनमध्ये संपतं. रॅपची घडणही अशी की ओळी दाट, वेगवान, एका माणसाच्या श्वासाला बांधलेल्या. मागून हजारांनी झील धरावी अशी जागा त्यात आपसूक तयार होत नाही, ती ठेवावी लागते. बाजार मात्र लगेच येतो. विद्यापीठातल्या ‘आझादी’च्या घोषणा २०१९ च्या ‘गली बॉय’मध्ये गाणं होऊन आल्या, खूप वाजल्या, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्याला त्या कशापासून आझादी मागत होत्या, हे आठवण्याची गरज राहिली नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा. तरुण उदासीन नाहीत, घाबरलेले आहेत, आणि घाबरण्याचं कारण आहे. २००२ नंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या कलाकारांना २०११ पासून यूएपीएखाली अटका झाल्या. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर स्वाधीन झाले. शीतल यांना गरोदर असताना जामीन मिळाला, सचिन यांना त्यासाठी २०१७ उजाडावं लागलं. २०२० मध्ये मंचाच्या काही कलाकारांना एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली. ही यादी पाहून एखाद्या आईनं मुलाच्या हातातला डफ काढून घेतला तर तिला दोष देता येणार नाही. मात्र दडपशाही आजची नाही. लाल बावट्याच्या प्रयोगांवर मुंबई सरकारनं बंदी घातली होती, तमाशा नावानं बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याच घाटाला लोकनाट्य म्हणून उभं केलं. फरक असा की तेव्हा एका शाहिराला उचललं तर गाणं म्हणायला मागे चाळ उरायची, वकील युनियन द्यायची, घरी शिधा पोचायचा. आज तोच गुन्हा एका सुट्या माणसावर पडतो आणि त्याचं ओझं एका कुटुंबावर. कायदे अधिक कठोर झाले आहेत, हे मान्यच. पण तेवढाच कायदा एकट्या माणसाला कितीतरी जड जातो.

इथे संघटनेचं गुणगान करताना एक कटू गोष्ट लपवून चालणार नाही. संघटनांनी आपल्या कलावंतांना नेहमी नीट वागवलं असं नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मधून कळतं की ज्या डाव्या सांस्कृतिक गटासाठी ते गायले, त्यानंच त्यांना आधी बाहेर काढलं होतं. जात की वर्ग, या प्रश्नावर पक्षांनी गायकांकडून निष्ठेच्या परीक्षा घेतल्या. स्त्रियांना तर जुन्या फडात मागच्या रांगेतही जागा कमी होती. नारायण सुर्व्यांच्या ‘डोंगरी शेत’सारखी गाणी बायकांनी आपलीशी केली ती स्त्री-चळवळीच्या शिबिरांत आणि मोर्चांत, म्हणजे त्यांना स्वतःच्या बैठका मिळाल्यावर. तेव्हा जुनं कलापथक जसंच्या तसं परत आणा, अशी मागणी कोणी करू नये. घोगऱ्यांची गोष्ट संघटना नको असं सांगत नाही. गाणाऱ्याला प्रचाराचं साधन समजणारी संघटना शेवटी त्याचा आवाजही गमावते, एवढं ती सांगते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा: या गाण्यांनी झालं काय? बेळगाव-कारवार आले नाहीत, गिरणी संप हरला, रमाबाई नगरात मेलेली माणसं परत आली नाहीत. शास्त्री रस्त्यावरच्या मुलांनी एकही गाणं न म्हणता तारीख मिळवली. मग गाणं हवंच कशाला? याचं उत्तर असं की झटपट मिळणाऱ्या गोष्टींसाठी गाणं लागत नाही, हे बरोबरच आहे. गाणं लागतं ते हरल्यानंतर. जी मागणी एका पिढीत पुरी होणार नाही, ती पुढच्या पिढीच्या हाती देण्याचं काम पत्रक करत नाही, ठराव करत नाही. १९४५ चा उठाव २०१९ मधल्या एका रॅपगाण्याच्या नावात परत येतो, यातच ते काम दिसतं. आणि नेमकं हेच काम आज अडलं आहे. आजची आंदोलनं जिंकली तर विसरली जातात, हरली तर अधिकच लवकर विसरली जातात. दर वेळी मुलांना चळवळ शून्यातून सुरू करावी लागते, कारण मागच्यांनी काय केलं हे त्यांच्या कानावर पडण्याची सोयच राहिलेली नाही. ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटातला लोकशाहीर आपल्याला आवडला, राष्ट्रीय पुरस्कारानं चित्रपटाचा गौरव झाला. पण वीरा साथीदारांनी उभा केलेला तो नारायण कांबळे मुलांच्या शिकवण्याही घेतो आणि वस्तीच्या मांडवात गातो, हा तपशील आपण कौतुकाच्या भरात सोडून दिला.

म्हणून उदासीनतेचा आरोप फिरवून पाहायला हवा. आज साठी-सत्तरीत असलेली पिढी शाहिरीच्या आठवणीनं गहिवरते. पण युनियन बदनाम झाल्या, कंत्राटी पद्धत रुजली, कॉलेजच्या निवडणुका बंद झाल्या, गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि मोर्चा म्हणजे वाहतुकीचा खोळंबा असं मथळ्यांतून ठरलं, हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना तिनं विकास म्हटलं, काहींना शिस्त. विशीतल्या मुलांकडून आता गाण्याची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी या मुलांना जमण्याचा हक्क परत मिळवून द्यावा. कायद्यात लिहिलेल्या विद्यार्थी निवडणुका हिंसेला आळा घालून प्रत्यक्ष घ्या म्हणून आग्रह धरावा. ॲपवर राबणाऱ्या कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळावी म्हणून बोलावं. वस्त्यांतली आणि शहरांतली मोकळी मैदानं सभांसाठी खुली राहावीत म्हणून पालिकांकडे भांडावं. गाण्यावर गुन्हा नोंदवला गेला तर वकिलाचा खर्च वर्गणीतून उभा करावा. यात रोमांचक काही नाही, स्मरणिकेत छापण्यासारखंही नाही. पण जलसा काय, कलापथक काय, उभं राहिलं ते अशाच कंटाळवाण्या कामावर. ते झालं तर गाणी कोणत्या भाषेत, कोणत्या तालावर येतील हे मुलं ठरवतील, आणि ती आपल्याला आवडतीलच असंही नाही. ते झालं नाही, तर मग तरुण गप्प आहेत असं म्हणण्याचा अधिकार निदान आपण सोडून द्यावा.